यूटला चार्जरचं तोंड

पुकेकोहे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. लीलाताईस,
पुरुषोत्तमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र अठराव्या दिवशी पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा पोस्टखातं जिवंत आहे तोवर आपला संवाद जिवंत. वासंतीला जाऊन या महिन्यात दोन वर्षं होतील, आणि मला इथे जुईकडे येऊन दीड. तब्येत बरी आहे. गुडघे हवेप्रमाणे.

आता तुझ्या भाचीचे प्रताप ऐक. ऑकलंडमधली बँकेची नोकरी तिने सोडली. आठ वर्षांची, कॉम्प्युटरची, सावलीत बसून करायची नोकरी! आणि ती सोडून करते काय? तर जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पुढच्या जाळ्या काढून पिकअपना बसवते. पिकअपला इथे यूट म्हणतात. गावाबाहेर कांद्याच्या एका गोदामामागे तिने शेड भाड्याने घेतली आहे. पुण्याला मेकॅनिकल इंजिनियर केली ती यासाठी.

गेल्या रविवारी मला अशा गाड्यांच्या जत्रेला नेलं. मसल कार म्हणतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, लांबलचक, दोनच दारांच्या, आणि आत इंजिन असं की त्यावर मिरजेतल्या चार पिठाच्या गिरण्या चालाव्यात. खायला काळ आणि भुईला भार. मालक म्हणजे माझ्या वयाची, पोट सुटलेली, जँडल म्हणजे रबरी चपला घातलेली माणसं. घडीच्या खुर्च्या टाकून, बॉनेट उघडून बसलेली, जणू आत मूर्ती बसवली आहे आणि दर्शन चालू आहे. मधेच एखादा उठतो, गाडी सुरू करतो, ती ढगासारखी गडगडते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. तीस वर्षं मी पिंपरीला प्रेसशॉपमध्ये काढली, ताई. मशीन आवाज करायला लागलं की टाळ्या वाजवायच्या नसतात, कारण शोधायचं असतं.

मॉरीन नावाची एक कांद्याची शेतकरीण आहे. साठीची असेल. तिच्या तरुणपणी तिच्याकडे १९६९ची डॉज चार्जर होती. ती गाडी गंजून गेली, उरली फक्त पुढची जाळी. ती जाळी आता हिला आपल्या यूटला हवी, आणि जुईने ते काम घेतलं. मी म्हटलं, म्हशीला घोड्याचं तोंड लावलं म्हणून ती शर्यतीत पळणार नाही. हे मी मॉरीनसमोरच म्हटलं, आणि तिला कळावं म्हणून इंग्रजीत म्हटलं. मॉरीन हसली. जुई हसली नाही. घरी येताना मोटारीत एक शब्द बोलली नाही. न बोलेना का! चूक माझी नव्हे.

लोभ आहेच. तो कमी करावा असं अजून तरी माझ्या हातून काही घडलेलं नाही.

तुझा,
पुरू


मिरज,
३ मार्च २०२५

चि. पुरू यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी मला वाटलं, मोबाइलचा चार्जर यूटला लावतात. शेजारच्या सिद्धीने फोनवर गाडीचं चित्र दाखवलं तेव्हा उलगडा झाला. गाडी भलतीच रुबाबदार आहे. सगळी जाळी काळी, दिवे आत लपलेले, म्हणजे डोळे मिटून दात आवळलेल्या माणसासारखी. तुझा चेहरा रागात असाच दिसतो.

तीन पानं वाचली. त्यात टीका भरपूर, माहिती काहीच नाही. मुलीचं काम कसं आहे? तू डाय बनवणारा माणूस, शतांश मिलिमीटरवर भांडून सुपरवायझरच्या झोपा उडवल्यास. जाळी नीट बसली की नाही, सांधा दिसतो की नाही, हे एका ओळीनेही कळवलं नाहीस. तुला आवडलं की नाही हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. ते मला जन्मापासून माहीत आहे. तुला काहीच आवडत नाही. वासंतीने चाळीस वर्षं स्वयंपाक केला, आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस की ती समजायची, आज जमलं.

शेडमध्ये जा. चष्मा लावून बघ. काय दिसलं ते तिला सांग, मग मला लिही.

इकडे उन्हाळा सुरू झाला. माझी कवळी नवीन केली, ती तुझ्यासारखीच टोचते.

जुईला माझे पोटभर आशीर्वाद, उरले तर तुला.

लीलाताई


पुकेकोहे,
४ एप्रिल २०२५

ती. लीलाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कुणाला वाचायला देऊ नकोस. अक्षर लागलं नाही तरी सिद्धीला विचारू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शेडमध्ये गेलो. व्हर्नियर घेऊन गेलो, हे आधी कबूल करतो. चूक काढायलाच गेलो होतो. चार्जरची जाळी यूटच्या तोंडापेक्षा वीतभर रुंद. जुईने ती मधोमध कापून, दोन्हीकडून कमी करून पुन्हा जोडली होती. सांध्यावरून नख फिरवलं, अडकलं नाही. दोन्ही बाजूंच्या फटी मोजल्या, केसाचा फरक. ताई, माझ्या हाताखाली वीस-वीस वर्षं काम केलेल्या कारागिरांना असं जमलं नसतं. आणि मला आनंद व्हायच्या जागी राग आला. नावं ठेवायला जागाच नव्हती.

मग मी वाकून आत पाहिलं. यूटच्या मूळच्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून तिने जाळीमागे काळा पत्रा लावला होता. दिसायला सुरेख. पण त्या पत्र्याने रेडिएटरचा वरचा निम्मा भाग झाकला होता. हवा आत जाणार कुठून? रिकामी गाडी गावात फिरेल, काही होणार नाही. ओझं लावून चढाला घातली की तापणार. हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. अर्धा तास मी तिथे होतो, मला शंका म्हणून नव्हती.

जुई फडक्याला हात पुसत शेजारी उभी होती. तिने विचारलं, कसं झालंय. मी काही बोललो नाही. व्हर्नियर डबीत ठेवलं आणि चालत घरी आलो.

विसरलो नव्हतो, ताई. मनात स्पष्ट आलं, तापू दे. भर रस्त्यात उभी राहू दे. चार लोकांत फजिती झाली की बँकेत परत जाईल. असं वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला, बुधवारी, जुई आणि मॉरीन मागे कांद्याचा ट्रेलर जोडून यूट चालवून बघायला निघाल्या. इथून जवळ एक टेकड्यांची ओळ आहे, तिला बॉम्बे हिल्स म्हणतात. कुणी का म्हणतात ते विचारू नकोस. त्या चढावर गाडी तापली. जुईने कडेला घेतली, बॉनेट उचललं, आणि नेमका तेव्हाच रेडिएटरचा वरचा पाइप निसटला. उकळतं पाणी तिच्या डाव्या हातावर. बोटांपासून कोपरापर्यंत.

मॉरीनने जवळच्या सगळ्या बाटल्या तिच्या हातावर ओतल्या, म्हणून थोडक्यात निभावलं असं डॉक्टर म्हणाले. थोडक्यात म्हणजे मांडीची कातडी काढून मनगटावर लावली. आठ दिवसांनी काल घरी आणली. मी वरण-भात कालवून भरवतो. विचारायला येईल त्याला ती सांगते की चूक तिचीच, हवेचा हिशेब तिने करायला हवा होता. शेजारी मी वाटी धरून उभा असतो.

हे फक्त तुला ठाऊक आहे.

पुरू


मिरज,
२४ एप्रिल २०२५

चि. पुरुषोत्तम यास,
आशीर्वाद. अनेक उत्तम वगैरे यावेळी लिहवत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा कळावं म्हणून, एकदा खरं वाटेना म्हणून.

त्या पोट सुटलेल्या माणसांना तू हसलास. मॉरीनच्या यूटला हसलास. ती माणसं निदान गाडी तापायला लागली तर एकमेकांना हाक मारून सांगत असतील. तुला एवढी विद्या येते, तिचा उपयोग तू काय केलास? पोटच्या पोरीची फजिती बघायला पुढची खुर्ची पकडून बसलास. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण मी शाळेत सदतीस वर्षं शिकवली, उदाहरण घरात आहे हे माहीत नव्हतं.

आणि आता वरण-भात भरवतोस. ती स्वतःवर दोष घेते, तू तो घेऊ देतोस, आणि वर मला चार पानं लिहून मन हलकं करतोस. मी तुझी पेटी नाही, पुरू, नको ते टाकून कुलूप लावायला. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला सगळं सांग. वाटलं होतं, बरंही वाटलं होतं, हे दोन्ही सांग. वय झालं, लक्षात आलं नाही, असल्या पळवाटा काढू नकोस. रडू नकोस, नाहीतर तीच तुझी समजूत घालत बसेल.

तिने घराबाहेर काढलं तर मिरजेला ये. मागची खोली रिकामी आहे. तिला न सांगता आलास, तर मात्र दार वाजवत राहा. मला ऐकू येत नाही.

लीला


पुकेकोहे,
२५ मे २०२५

ती. लीलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. त्याच दुपारी सांगितलं.

जुई स्वयंपाकघरात बसून हाताचा व्यायाम करत होती. स्पंजचा चेंडू दिला आहे, तो दाबायचा. बोटं अजून पुरती मिटत नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. पत्रा दिसला होता, हवा अडणार हे कळलं होतं, तरी बोललो नाही, आणि मनात काय होतं तेही. रडलो नाही.

चेंडू दाबायचा थांबला. मग ती म्हणाली, त्या दिवशी तू अर्धा तास वाकून पाहिलंस आणि काही न बोलता निघून गेलास. मला वाटलं, बाबाला नावं ठेवायला काही सापडलंच नाही. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तू काही बोलला नाहीस. मी त्या संध्याकाळी शेडमध्ये एकटीच नाचले. मनात थोडी धाकधूक होती, पत्रा काढून चढावर एकदा बघावं असं वाटत होतं. पण तू पाहिलं होतंस ना. म्हणून नाही काढला.

ताई, तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मी बॅग भरायला खोलीत गेलो. ती दारात येऊन म्हणाली की पळून जाऊ नकोस, तेवढी सवलत तुला नाही. त्यानंतर पाच दिवस बोलली नाही. जेवण मी करायचो, ती उजव्या हाताने जेवायची, ताट उचलून जायची. वासंतीचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे मला बघवेना.

सहाव्या दिवशी सकाळी तिने मोटारीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. शेडमध्ये चल म्हणाली. पत्रा कापायचा आहे आणि मला एका हाताने धरता येत नाही. बँकेत परत जाणार नाही, हेही सांगून टाकलं, मी विचारलं नसताना. आणि अट घातली. यापुढे जे चुकीचं दिसेल ते लगेच, तोंडावर, मोठ्याने सांगायचं. कितीही लागलं तरी. गप्प राहिलास तर मात्र राहायची दुसरी सोय बघ.

पत्रा मी कापला. तो सगळा वेळ ती माझ्या चुका काढत होती, आणि त्या बरोबर होत्या. माझा हात आता थरथरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काल मॉरीनने पुन्हा ट्रेलर जोडला. ती चालवायला, मधे जुई, खिडकीशी मी. बॉम्बे हिल्सचा पूर्ण चढ गेलो. तिघांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा हलला नाही. माथ्यावर मॉरीनने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, स्वीट ॲज. म्हणजे झकास. जुईने माझ्याकडे न बघता विचारलं, काय चुकलंय.

मी खाली उतरलो. समोर जाऊन उभा राहिलो. वाईट दिसत नव्हती ती यूट, खोटं कशाला बोलू. पण जाळीचं डावं टोक दोन मिलिमीटर खाली होतं. ते मी मोठ्याने सांगितलं.

जुई उतरली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून वाकली, एक डोळा मिटून पाहिलं, आणि म्हणाली, दीड.

ताई, मी पुन्हा बघितलं. दीडच होतं.

जमेल तितकाच लोभ ठेव. जास्त मागत नाही.

तुझा,
पुरू