शंभरीचा केक

लाडक्या आईस,

मी ठणठणीत आहे. फक्त नोकरी सोडली.

काल कंपनीला शंभर वर्षं झाली. मोठे साहेब भाषणात म्हणाले, "संस्थापकांच्या खोकल्याच्या औषधापासून आजच्या वेदनाशामक गोळीपर्यंत आपण लोकांना आरामच दिला!"

मी उठून विचारलं, "या गोळीची सवय लागते, हे डॉक्टरांपासून का लपवलंत? खाणीत पाठ मोडलेला माझा भाऊ वेन्डेल तिच्यात अडकलाय."

साहेब हसले. "नोरीन, केक खा."

अंगाची लाही लाही झाली गं! केक त्यांच्यापुढे आपटून निघाले.

वेन्डेल जेवतो का? त्याच्या गोळ्या एकदम बंद करू नका. शुक्रवारी येते, आपण त्याला डॉक्टरांकडे नेऊ. बाबा त्याला नशेबाज म्हणतात ना? त्यांना ठणकावून सांग, पोराला फसवलंय.

तुझीच,
नोरीन