ट्रकच्या पावतीची मागील बाजू

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
केंद्रीय प्राप्तिकर कार्यालय,
कॉटल स्प्रिंग, टेक्सास.

विषय : पिकअप ट्रकवरील विक्रीकराची वजावट मंजूर करणेबाबत, तसेच पावतीच्या मागील बाजूबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ सप्टेंबरची नोटीस.

महोदय,

मी, वेंडल प्रुइट, धंदा विहिरींचे पंप दुरुस्ती, सविनय अर्ज करतो की,

१. गेल्या वर्षी मी घरच्या वापरासाठी पिकअप ट्रक घेतला व त्यावर तीन हजार डॉलर विक्रीकर भरला. आपल्या राज्याचा स्वतःचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्याऐवजी केंद्राच्या विवरणपत्रात मी या विक्रीकराची वजावट मागितली. आपण मूळ पावती दोन्ही बाजूंसह मागविली आहे, अन्यथा वजावट नामंजूर. पुढच्या बाजूस माझी काहीच हरकत नाही.

२. मागील बाजूची हकीकत अशी. माझ्या सासूबाई श्रीमती ओलेटा स्टॅग्ज, वय ८१, यांना मार्चमध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच ट्रकमधून नेत असता, आपण काही आता परत येत नाही असे त्यांनी ठरविले, व आपल्या चिलीची, म्हणजे मांसाच्या तिखट रश्शाची, कृती लेकीस लिहून देण्यासाठी कागद मागितला. गाडीत पावतीखेरीज कागद नव्हता. पुढे त्या ठणठणीत बऱ्या झाल्या.

३. जत्रेतील चिली स्पर्धेत सासूबाईंना सलग चार वर्षे पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली असून परीक्षक आपण स्वतः आहात. पाचवी स्पर्धा येत्या शनिवारी. सबब केवळ पुढची बाजू ग्राह्य धरावी. मागील बाजूस चिकटपट्टी लावून देण्यास मी तयार आहे. चिकटपट्टीखाली राजमा आहे, असा संशय आपण कृपया घेऊ नये.

४. वरील मजकूर सासूबाईंनी आत्ताच चष्मा लावून वाचला. "वेंडल, मेल्या, लपवतोयस की दवंडी पिटतोयस?" असे त्या म्हणाल्या. खोडाखोड केलेला अर्ज चालत नाही असे आपल्या खिडकीवर लिहिले आहे, आणि हा माझा तिसरा कागद.

५. तेव्हा खरे ते लिहितो. चिलीत राजमा आहे. वाटलेला. सासरे कै. होमर यांना राजमा जीव की प्राण. पण टेक्सासात चिलीत राजमा घातला तर चारचौघांत तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून सासूबाई तो वाटून रश्शात मिसळीत. सासरे जाऊन सहा वर्षे झाली, तरी सासूबाईंनी तो बंद केलेला नाही.

६. फीत वाचविण्यासाठी वजावट सोडून देतो, असे मी म्हटले. त्यावर सासूबाई कडाडल्या, ते शब्द जसेच्या तसे : "एवढा कर भरलास तो काय फुकट? पाठव दोन्ही बाजू! चार वर्षं माझा राजमा बोटं चाटून खाल्लाय त्या साहेबाने. आणि शनिवारी पाटीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिणार आहे मी, 'होमरची चिली, राजमा घालून'. वजावट कायद्याने दे म्हणावं त्याला, फीत जिभेने."

तरी दोन्ही प्रकरणी उचित निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला नम्र व सासूच्या धाकातील करदाता,
वेंडल प्रुइट
दि. १४ सप्टेंबर

सोबत :
१. मूळ पावती, दोन्ही बाजूंसह. (मागील बाजूवरील मिरचीचे प्रमाण सासूबाईंनी खोडले आहे. तेवढे मात्र खरोखरच गुप्त.)
२. चिली, एक डबा. डबा धुऊन परत करावा.