दोन गाठींचा पडदा

प्रिय शुभांगी,

आपल्या सुनीलचा टेम्पो शनिवारी तुमच्या सुप्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन आहे की, म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय. सोमवारी तुला साहेबांना उत्तर द्यायचंय ना? अख्ख्या कारखान्याची सुरक्षा तुझ्या हाती द्यायला निघालेत, आणि तू नाही म्हणणार आहेस. गुरुवारी काय बोललीस आठवतं? "आई, एवढ्या माणसांचा जीव माझ्या ध्यानात राहण्यावर सोडायचा? अगं, मी पडदा विसरलेली पोरगी." आणि हसलीस. मला काही हसू आलं नाही. फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली तरी मी तशीच उभी. तेव्हा आधी चहा करून घे. गॅस बंद केलास का ते एकदाच बघ, तीनदा नको. आणि मग बस वाचायला.

दिवाळी झाल्यावर सुनील मला काळखडपला घेऊन गेला होता, ते तुला सांगितलं. पण सगळं नाही सांगितलं. आपलं दीपगृह आता नुसतं बघायला ठेवलंय. शेजारी लोखंडी सांगाडा उभा केलाय, त्याच्या डोक्यावर उन्हावर चालणारा दिवा. केवढा? दुधाच्या किटलीएवढा. माणूस लागत नाही, रॉकेल लागत नाही, आपला आपण लागतो आणि विझतो. आणि आपला मनोरा मात्र तसाच आहे गं. आठ कोनांचा, काळ्या दगडाचा, वर पांढरा रंग आणि त्यावर दोन काळे पट्टे. तुला तुझे आप्पा शिकवायचे ना, जहाजाला दिवसा पट्ट्यांवरून ओळख पटते आणि रात्री उजेडाच्या चालीवरून. लागोपाठ दोन झोत, मग बारा सेकंद अंधार, की समजायचं काळखडप. दुसऱ्या कुठल्या दिव्याची अशी चाल आसपास नाही. आपल्या घरातलं माणूस कसं पावलांवरून ओळखू येतं, तसं.

माझी चूल होती ना, तिथे आता तिकिटाची खिडकी आहे. मी त्या बाईला म्हटलं, इथं मी सात वर्षं भाकरी थापल्यात. तिनं माझं तिकीट फाडलं नाही.

एकशे छत्तीस पायऱ्या चढले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण चढले. खाली चार हात जाडीची भिंत, वर जाईल तशी निमुळती, आणि जिना भिंतीच्या कडेकडेने. मधली पोकळी कशासाठी, हे मी तिथे पहिल्यांदा आले तेव्हा मला कळेना. राहुरीकडची पोरगी मी, मुळा धरणाच्या पलीकडे मोठं पाणी ठाऊक नाही. आप्पांनी सांगितलं, विहिरीत बादली सोडावी तसं या पोकळीतून रात्रभर एक वजन उतरतं, त्याच्या ओढीनं वरचं भिंग फिरतं. दर तीन तासांनी हँडल मारून ते वर घ्यायचं. मनोऱ्याच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घातलं होतं म्हणे, इंग्रजाच्या वेळी. मी विचारलं, गूळ आमच्याकडचा होता का? तुझे आप्पा हसून हसून जिन्यात बसले. चौथी शिकलेली बायको, पण प्रश्न विचारायची. मग खात्याचं जाड पुस्तकच आणून दिलं त्यांनी. अक्षर लावून लावून मी ते दोनदा वाचलं.

ते भिंग आहे अजून. केवढं काचेचं देऊळ गं ते! आत माणूस उभं राहील एवढं, चहूबाजूंनी काचांच्या पाकळ्या, आणि सगळा भार पाऱ्यावर तरंगणारा. तुझ्या करंगळीनं ढकललं तरी फिरायचं. एवढ्याशा ज्योतीचा उजेड गोळा करून ते वीस मैल फेकायचं. पण त्याची एक खोड, जी गावातल्या लोकांना माहीत नसते. जे भिंग रात्री उजेड बाहेर फेकतं, तेच दिवसा ऊन आत ओढतं. पोरं भिंग धरून कापूस जाळतात ना, तसं. म्हणून उजाडलं, दिवा विझवला, की पहिलं काम चारी बाजूंचे पडदे लावायचे. आप्पा रात्रपाळीनं पेंगुळलेले असायचे. तू शाळेला जायच्या आधी टणाटणा वर जायचीस आणि पडद्यांच्या नाड्या बांधायचीस. खरं तर घरच्या माणसांनी दिव्याच्या खोलीत पाय ठेवायचा नाही असा नियम. पण तुझी बोटं बारीक, गाठ पक्की. एक नाही, दोन गाठी मारायचीस. आप्पा म्हणायचे, माझी असिस्टंट आहे ही.

आणि मग तो दिवस. तू दहा वर्षांची. शाळेतून आलीस तर अंगणात खात्याचा मुकादम, वर धूर, आणि आप्पा काळ्या हातांनी खाली उतरतायत. पूर्वेचा पडदा उघडा राहिला, ऊन भिंगात शिरलं, बर्नरपाशी पुसायचं फडकं होतं ते पेटलं. बर्नर गेला, खालच्या ओळीतली एक काच तडकली. आप्पांनी तुला बाजूला घेऊन विचारलं, "पडदा बांधला होतास ना?" तू म्हणालीस, "बांधला होता." त्यांनी परत विचारलं, रागानं नाही, नुसतं. तू त्यांच्या हातांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "विसरले असेन." आप्पांनी जुना बर्नर जोडला. त्या दिवशी दिवा अकरा मिनिटं उशिरा लागला. नव्वद वर्षांत पहिल्यांदा. वहीत त्यांनी लिहिलं, 'पडदा उघडा राहिला. चूक माझी.' खाली सही, आसाराम. पुढच्या वर्षी बदली झाली. तुला वाटलं तुझ्यामुळे. मला वाटलं पोर आहे, विसरेल. आप्पांनाही तसंच वाटलं.

तू विसरली नाहीस. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. कुलूप ओढून बघतेस, रस्त्यातून परत येऊन पुन्हा ओढून बघतेस. पोरांच्या डब्याचं झाकण चारदा दाबतेस. मी आपली म्हणायचे, शुभी फार व्यवस्थित आहे हो! त्याच्यामागे काय आहे ते गुरुवारी कळलं. सदतीस वर्षांनी.

दिवाळीनंतर गेले त्या दिवशी वर माहिती सांगायला एक चष्मेवाले गृहस्थ होते. सगळ्यांना तडकलेली काच दाखवत म्हणाले, "ही वीज पडल्याची खूण." लोकांनी मोबाईल काढले, फोटो काढले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं. अळीमिळी गुपचिळी. म्हातारपणीसुद्धा.

आता ऐक. तू शाळेत गेलीस, आप्पा झोपले, की मी हळूच वर जायचे. रोज नाही, पण जायचे. पूर्वेच्या पडद्याची तुझी गाठ सोडायचे आणि भिंगाच्या अलीकडे उभी राहून बाहेर बघायचे. त्यातून सगळं उलटं दिसतं गं. पूर्वेच्या खाडीचं पाणी वर, आभाळ खाली. गलबतं अशी चालायची जशा छतावर पाली. मी एकटीच हसायचे. सात वर्षं दिवस उगवला की चूल, पाणी, मासळी आणि वारा. ती दहा मिनिटं तेवढी माझी होती. परत निघताना तुझ्यासारख्या दोन गाठी मारायचे, कुणाला कळू नये म्हणून. त्या दिवशी खालून वास आला. चुलीवर दूध ठेवलं होतं. धावले, शुभांगी. एकशे छत्तीस पायऱ्या धावले, आणि गाठ मारायची राहिली. दूध उतू जाऊन करपलं होतं. मी पातेलं घासत बसले, आणि वर ऊन काम करत होतं. तू अंगणात "बांधला होता" म्हणालीस तेव्हा मी दारात उभी होते. हातात राख होती. बायको वर जाते हे मुकादमाला कळलं तर आप्पांची नोकरी जाईल, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण भीती. आप्पांना मी त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. ते म्हणाले, "अगं, करपल्या दुधाचा वास जिन्यात होता की त्या दिवशी, म्हणजे तू चुलीपाशी नव्हतीस, वर होतीस. नाव पोरीचं निघालं तेव्हा तू का गप्प, एवढंच मला कळत नव्हतं." मग म्हणाले, "तिला सांग." सहा वर्षं झाली. मी सांगितलं नाही. तू माझ्याकडे पूर्वीसारखं बघणार नाहीस म्हणून. तसं नाही बघितलंस तरी चालेल आता. पण सोमवारी साहेबांसमोर बसशील तेव्हा हे घेऊन बस: दहा वर्षांच्या पोरीनं त्या सकाळीही चारी पडदे लावले होते आणि प्रत्येकाला दोन गाठी मारल्या होत्या. मी सोडल्या, म्हणून मला माहीत आहेत. तू आधी बोललीस तेच खरं होतं.

तुझीच,
गाठ सोडून धावलेली आई