डोमाजीची बनियान

१८ मे २०२५, सकाळी ७.१०
आज या घरात एका संशोधकाचा मग जप्त झाला. निळा, प्लास्टिकचा, बाथरूममधला. त्यात मी फक्त शेण कालवलं होतं, तेही देशी गाईचं. सव्वीस वर्षांच्या संसारात कौसल्येने इतकं कठोर पाऊल कधी उचललं नव्हतं. विज्ञानाचा छळ असाच सुरू होतो, साध्या मगापासून.
संकल्प: बाबांचं तीन एकर वावर यंदा पूर्ण सेंद्रिय. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो म्हणून काय झालं, माती काही राज्याबाहेर नाही. माती तपासणीच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. दिवाळीपर्यंत १ करणे. राउंड फिगर बरी दिसते.

२१ मे
कृषी सहायक मोनाली मॅडमना फोन. कर्ब म्हणजे कार्बनच ना, मग वणीहून दोन पोती कोळसा आणून टाकला तर? त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. नेटवर्क खराब असावं. नंतर म्हणाल्या, कर्ब शेणखतातून, पालापाचोळ्यातून येतो, जिवाणू तो मातीत मुरवतात, त्याला वर्षं लागतात. सरकारी माणसं. वर्षं लागणारच.

२७ मे
यवतमाळहून जिवाणूंच्या चार बाटल्या आणून तीन दिवस झाले. सावलीत ठेवा, असं लेबल. स्कूटरच्या डिक्कीत संपूर्ण सावली. बाहेर ४५ डिग्री. उबेत वाढत असतील.

८ जून
अंगणात जीवामृताचा ड्रम. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. कृती वाचताना भूक लागली होती. चौथ्या दिवशी मेली. वास. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. कौसल्या म्हणाली, ड्रमसोबतच झोपत जा.
दुपारी तोडगा सुचला. अर्धी बाटली फिनेल ड्रममध्ये. आता अंगणात पाइनचा दरवळ. एकाही यूट्यूबवाल्याला हे कसं सुचलं नाही?

१५ जून
कौसल्येची अट: यंदा वावरात फरक दिसला नाही तर गुढीपाडव्यापासून ते डोमाजीला मक्त्याने द्यायचं. डोमाजी म्हणजे धुऱ्यापलीकडचा, बांधाशेजारचा शेतकरी. दरवर्षी शेणखत टाकतो, कापसाची वाळकी पऱ्हाटी जाळत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. बाबांनी चाळीस वर्षं वाहिलेलं वावर दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून अट हसत मान्य केली.

२२ जून
मोनाली मॅडमची युक्ती: दोन्ही वावरांत एकेक शुद्ध सुती बनियान वीतभर खोल पुरायची, दोन महिन्यांनी काढायची. माती जिवंत असेल तर कापूस खाऊन टाकते. ज्यातली जास्त खाल्लेली, ते वावर सरस.
माझ्याकडे बिनभोकाची एकच निघाली. दुसरी डोमाजीची, त्याच्या दोरीवरून घेतली. तो म्हणाला, पोरीच्या लग्नातली नवीच हाये. मी म्हटलं, परत देतो. शब्द दिला.

१३ जुलै
आज शेवटचा ड्रमही वावरात ओतला. डोमाजीकडे ढेकूळ फोडलं की गांडुळं निघतात. माझ्याकडे एकही दिसत नाही. खोलवर कामात असणार.

२४ ऑगस्ट, रविवार
पोळ्याच्या गडबडीतून माणसं मोकळी झाली, तेव्हा खोदकाम. मॅडम, कौसल्या, डोमाजी, मी.
डोमाजीच्या वावरातून गळ्याची पट्टी निघाली, शिवणीचे धागे आणि लेबल. बाकी बनियान मातीने खाल्ली.
माझी अख्खी निघाली. धुऊन घालता येईल अशी.
मी म्हटलं, माझे जिवाणू सुसंस्कृत आहेत, दुसऱ्याच्या कपड्याला हात लावत नाहीत.  मॅडमनी माती नाकाशी नेली आणि विचारलं, यात काय टाकलं होतं? मला प्रश्न ऐकू आला नाही. कौसल्येला आला.
"त्यायनं ड्रमात फिनेल ओतलं व्हतं."
मॅडम म्हणाल्या, म्हणजे आधी जिवाणू मारले आणि मग मोजायला आलो. डोमाजीने मूठभर माती चुरली, खाली सोडली.
"वावर मेलं नाही सर. उपाशी हाये."
मी माझी बनियान झटकली. घडी घालून पिशवीत ठेवली.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली. नवं कार्ड आलं. कर्ब ०.३७. प्रयोगशाळेचं मशीन जुनं असावं.

१९ मार्च २०२६, पाडवा
सकाळपासून डोमाजीची बैलबंडी बाबांच्या वावरात शेणखत टाकते आहे. चौथी खेप. मक्त्याच्या कागदावर मी कालच सही केली. कौसल्येने चहा दिला.
पुरलेली माझी बनियान मी अजून घालतो. तिला काही झालेलं नाही. डोमाजीने सात महिन्यांत स्वतःच्या बनियानीबद्दल एकदाही विचारलं नाही.
बाभुळगावच्या बाजारातून एक घेतली. शुद्ध सुती, ९५ साइज. वावरात गेलो तेव्हा तो पलीकडच्या टोकाला पाटीने खत फेकत होता, पाठमोरा. बंडीच्या खुंटीला पिशवी अडकवली. बैलाने मान वळवून पाहिलं. डोमाजी वळायच्या आत धुऱ्याधुऱ्याने घरी आलो.