गुरुवारची सुई

ताई,

खट्-घस, खट्-घस. दादाच्या पायाला बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांचा शाळेच्या जिन्यावरचा तो आवाज परवापासून माझ्या कानात घुमतो आहे. त्याच ठेक्यावर आपण तिघं कविता म्हणत घरी यायचो, आणि मास्तर म्हणायचे, यांचं वृत्त लंगडतंय. असो. तुला नमस्कार (गुडघ्यांमुळे अर्धाच). कंबर कशी आहे? माझे कान पार गेले. दारावरची बेल आता फक्त हिला ऐकू येते.

दारामागच्या चपलांच्या कपाटावर मी चुंबकसुई बसवली आहे, हे तुला ठाऊक आहेच. भूकंपाआधी जमिनीचं चुंबकत्व थरथरतं, अशी माझी वेधशाळेतल्या नोकरीपासूनची श्रद्धा. (तिथे माझ्या असल्या नोंदी दादा लाल पेन्सिलीने खोडायचा. माझ्या निरोपसमारंभातही चारचौघांत म्हणाला, हा सुईत कविता वाचतो. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद.) तर गेले काही महिने दर गुरुवारी साडेचारच्या सुमारास सुई उडायची, चार मिनिटं थरथरायची आणि गप्प व्हायची. बारापैकी अकरा गुरुवार! (हुकलेल्या गुरुवारी दादाला ताप होता, असं तूच कळवलं होतंस, विषयांतर झालं.) संख्याशास्त्राच्या गणितात आकडे घातले, तर हा योगायोग असण्याची शक्यता हजारात एकसुद्धा निघेना. म्हणून गेल्या गुरुवारी चार वाजता मी अख्खी इमारत अंगणात उतरवली. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचा पेशंट तोंडात कापूस धरून उभा, ही अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन माझ्याकडे न बघता बसलेली. सहा वाजेपर्यंत काही म्हणून हललं नाही. फाटकाशी एक टॅक्सी आली आणि गर्दी बघून परत वळली, एवढीच काय ती हालचाल. वर येऊन बघतो तर सुईही ढिम्म. दंतवैद्य म्हणाले, "आजोबा, यापेक्षा माझ्याकडे जास्त हलतं." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, यंत्र येत्या शुक्रवारी, म्हणजे उद्या, काढायचं. म्हणजे आजचा गुरुवार शेवटचा.

तुझा,
धाकटा

ता. क. यंत्राचं मला काही नाही. पण ते जाण्याआधी दादाने सुईच्या नोंदींची माझी वही एकदा बघावी, असं त्याला सांगशील का? मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस.

ता. क. २. चार एकतीसला सुई उडाली! ही स्वस्थ बसलेली, म्हणजे बेल वाजली नव्हती. शेजाऱ्यांना सावध करायला मी धावत दार उघडलं, तर समोर दादा. बोट बेलपर्यंत नेऊन तसंच थांबलेलं. मी म्हटलं, "दादा, दर गुरुवारी सुई हलते."

त्याने आधी सुईकडे पाहिलं, मग आपल्या पायाच्या पट्ट्यांकडे. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मग खोडू नकोस."