डावीकडची दोन मुलं

प्रिय ढब्बू,

फोनवर मी काही सांगायला तोंड उघडलं, की तू बसमधल्या प्रवाशांच्या नकला सुरू करतोस. मी हसत बसते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र. शेजारच्या गावी राहणाऱ्या भावाला बहीण पत्र लिहिते म्हणून वहिनी हसेल, हसू दे. याआधी दोन लिहिली आणि फाडली.

कॅमेरा बदलावा की नाही, या घोळात मी दीड महिना होते. सकाळी चहा पिताना नवा घ्यायचा ठरवायचे, दुपारी स्टुडिओत येऊन जुना हातात घेतला की रद्द. तुला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगते. माझ्या डीएसएलआरच्या पोटात एक आरसा आहे. समोरचं जे आहे ते तो जसंच्या तसं माझ्या डोळ्यापर्यंत पोचवतो. बटण दाबलं की आरसा उडतो, खट्ट वाजतं, फोटो निघतो. नव्या मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. डोळा लावायचा तिथे आत एक नखाएवढा पडदा. फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, माणसाचा डोळा ओळखून त्यावर आपोआप चौकोन बसतो. वजनाला हलका, माझं मनगट दुवा देईल. पण बॅटरी भराभर संपते, जुन्या लेन्सना मध्ये जोड लावावा लागतो, आणि खरं सांगू? पडद्यावर बघायचं म्हणजे खिडकी बंद करून टीव्ही लावल्यासारखं वाटतं. दुकानदार म्हणाला, "ताई, आता जुन्याचा लळा सोडा." मी म्हटलं, अरे, चौदा वर्षं गळ्यात आहे, नवऱ्याचा हातसुद्धा इतका वेळ गळ्यात नव्हता. तो लाजला बिचारा.

बदलायचं खूळ डोक्यात शिरलं ते शाळेच्या फोटोंमुळे. दरवर्षीसारखे वर्गांचे फोटो काढले, छापून पाठवले. दोन दिवसांनी चौथीच्या बाईंचा फोन. डाव्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीचा अर्धाच चेहरा आलाय आणि तिच्या मागचा मुलगा तर नाहीच. एकदा झालं असतं तर धक्का लागला म्हटलं असतं. पण मी त्या वर्गाचे तीन फोटो काढले होते, तिन्हींत तेच. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ती विचारत होती, मी रांगेत चुकीची उभी होते का?" मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. म्हातारा झालाय, आरसा सरकला असेल. मनातून ठाऊक होतं की हे खोटं आहे. या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेला थोडं जास्तच येतं. कमी कधीच येत नाही.

फोटो परत काढून द्यायचे ठरले, तेव्हा दुकानदाराकडून मिररलेस एका दिवसासाठी मागून आणला. पुन्हा तोच वर्ग, तीच बाकं. डोळा लावला. चेहऱ्यांवर चौकोन नाचू लागले, मजा वाटली. या वेळी फजिती नको म्हणून मुलं मोजली. एकतीस. बाई म्हणाल्या, तेहतीस आहेत. परत मोजली, एकतीस. तेवढ्यात उजव्या डोळ्यात घामाचा थेंब गेला, म्हणून मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. आणि डावीकडे दोन मुलं उगवली रे! ती मुलगी आणि तो मुलगा, शहाण्यासारखी उभी. मी परत उजवा डोळा लावला. गेली. काळोख नाही, धूसर नाही. तिथे कोणी नव्हतंच, अशी भिंत दिसत होती. कॅमेऱ्यात आवाज बंद होता, त्यामुळे मुलं विचारत राहिली, "काढला का? काढला का?" आणि मला बटण दाबायचं सुचेना. शेवटी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांनी बघत फोटो काढला. तेहतीस आले.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी अर्धा दिवस बसवून तपासलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडून नजर खात येतो. उजवा बराच गेलाय, डाव्यात सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेलं बहुतेक टिकेल. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. मी एक डोळा मिटून काम करते म्हणून निदान एवढ्यावर सापडलं. शेवटी मिररलेस घेतलाय, मागचा पडदा बघून काम करते. जुना कपाटात ठेवलाय आणि दिवसातून दोनदा उगाच काढून बघते.

बाबा आठवतात. ताटाशेजारचं भांडं लवंडायचे, दाराच्या चौकटीला खांदा घासायचे. आई म्हणायची, "डोळे खुंटीला टांगलेत का?" आणि आपण दोघं फिदीफिदी हसायचो. तू तर त्यांची नक्कल करायचास, मी टाळ्या द्यायचे. हात थरथरतात म्हणून सुतारकाम सोडलं, असं त्यांनी सांगितलं. हात कुठे थरथरत होते त्यांचे?

मी निघताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, सख्खी भावंडं आहेत? हे घराण्यात उतरतं, त्यांना लगेच तपासायला सांगा. या गोष्टीला एकवीस दिवस झाले, ढब्बू. एकवीस दिवस मी आरसा की पडदा, आरसा की पडदा करत बसले. कारण गेल्या महिन्यात तू फोनवर हसत म्हणाला होतास, वळणावर ती स्कूटर कुठून उगवली देव जाणे, थोडक्यात वाचला पोरगा. तेव्हा मीही हसले होते. आता झोप लागत नाही. स्टेअरिंग कायमचं सुटलं, नोकरी गेली, तर तुझं काय होईल, हे मला कळतं, म्हणूनच जीभ रेटत नव्हती. कदाचित तुला काहीच नसेल. पण तुझ्यामागे पन्नास माणसं बसतात आणि समोरून कोणाचं तरी पोर रस्ता ओलांडत असतं. सोमवारी सकाळी तुझ्या नावाने तपासणीची वेळ घेतलीय. रविवारी मी येतेय, बरोबर जाऊ. तोवर डेपोत रजा सांग, गाडीला हात लावू नकोस. माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण दार उघड.

तुझीच,
ताई