तरसालीचं बिनदेवाचं देऊळ

६ एप्रिल

देऊळ आहे, घुमट आहे, गोलाकार पांढरे खांब आहेत — आणि आत देव नाही!

अजून छाती धडधडते आहे. सकाळी यशश्री म्हणाली, "आजी, चल, माझं काम बघायला." नात विलायतेत बागा आखायचं शिकून आली, त्यातलं हे तिचं पहिलं काम. तरसालीच्या पुढे मयंकभाईंचा पार्टी प्लॉट आहे, लग्नांना भाड्याने देतात तो. तिथे ही विलायती बाग करते आहे. तळं खोदलंय, हिरवळ लावलीय, आणि तळ्यापलीकडच्या उंचवट्यावर हे देऊळ. मी लांबूनच हात जोडले. चपला काढल्या. फरशी अशी तापलेली की नाचत नाचत पायऱ्या चढले. प्रदक्षिणा घातली, डोळे मिटून डोकं टेकलं, उघडून बघते तर — काही नाही! नुसती गुळगुळीत फरशी, आणि खांबांतून आरपार पलीकडचं एरंडाचं शेत.

मी किंचाळले. दुसरं काय करणार? "अगं बाई, देव चोरीला गेला!"

सिमेंट कालवणारे धावत आले. रोपं लावणाऱ्या बाया आल्या. वॉचमनने शिट्टी फुंकली. रस्त्यावरून जाणारे दोघं मोटरसायकल टाकून आत आले. आणि यशश्री कपाळाला हात लावून उभी. "आजी, देव नव्हताच! तिथे ठेवायचाच नाहीये!"

ठेवायचाच नाही? मग मी एवढी भाजत कुणाला प्रदक्षिणा घातली?

७ एप्रिल

हे मी बोलते आहे, लिहितो फोन. मला अक्षर कधी आलं नाही. सुनेत्राने बटण दाखवून दिलं. सून हुशार आहे — "आई, इथे दाबा आणि मनात येईल ते बोला," म्हणाली. म्हणजे माझं डोकं खाऊ नका. तारीख फोनच घालतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, म्हणून आमचं अजून भांडण झालेलं नाही.

पाय अजून चुरचुरताहेत.

९ एप्रिल

यशश्रीने आज कॉम्प्युटरवर विलायतेतल्या जहागीरदारांच्या बागा दाखवल्या. मी म्हटलं होतं फुलंबिलं असतील. छे!

डोंगरावर किल्ला. भक्कम, बुरुजांचा. मग तिने त्याच किल्ल्याचा मागून काढलेला फोटो दाखवला — मागे काहीच नाही! एक भिंत उभी, तिच्या मागे मेंढ्या चरताहेत. मालकाला झोपायच्या खोलीतून डोंगर बोडका दिसायचा, म्हणून. एका गवळ्याच्या घराला पुढून देवळाचा मनोरा, आत गाई! आणि तळ्याकाठी देवळंच देवळं. एक कुठल्याशा देवीचं, एक मैत्रीचं. मैत्रीचं देऊळ! एका कुत्र्यालाही सोडलं नाही, तो मेला तर त्याच्या नावाने खांब उभा केला.

"आणि त्या देवळांत काय करतात?"

"बसतात. गप्पा मारतात. चहा पितात."

देवळात बसून चहा! माझी आई असती तर तिथल्या तिथे आंघोळीला गेली असती.

"याला फॉली म्हणतात, आजी."

"फोल?"

"फोल नाही गं. फॉली."

"तेच ते. फोल मला ठाऊक आहे. पाखडताना सुपातून उडून जातं ते. वरून दाण्यासारखं, आत दाणा नाही."

ती जी हसत सुटली! तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ खुळेपणा असा आहे म्हणे. मग माझा अर्थ काय वाईट?

१० एप्रिल

त्या जहागीरदारांच्या बागांत खोट्या गुहेत राहायला पगारी बैरागी ठेवायचे! केस कापायचे नाहीत, नखं कापायची नाहीत, कुणाशी शब्द बोलायचा नाही, पाहुण्यांनी लांबून बघायचं. वर्षानुवर्षं! मी म्हटलं, आपल्या मुकुंदला पाठव, तुझ्या बापाला. दाढी आहेच, आणि घरात तरी कुठे बोलतो?

मुकुंद पेपरामागून म्हणाला, "हं."

१३ एप्रिल

श्रीकृष्ण मिस्त्री घरी आला होता. बागेचं सगळं गवंडीकाम त्याच्याकडे. चहा बशीत ओतला आणि रडकुंडीला आला.

"आजी, तुम्ही समजवा हिला. जन्मभर पडलेलं उभं केलं मी. ही म्हणते, काका, नवी भिंत बांधा पण पडलेली बांधा! म्हटलं, किती पडलेली? तर म्हणते, चारशे वर्षांपूर्वी पडलेली."

मी यशश्रीकडे बघितलं. मान हलवली तिने, खरं आहे म्हणून! तिकडे बागेत नवेकोरे अवशेष बांधायचे म्हणे. वेल चढवायचे, शेवाळ यावं म्हणून भिंतीला ताक लावायचं.

ताक!

"मिस्त्री," मी म्हटलं, "तिला आपल्या जुन्या लहरीपुऱ्यात घेऊन जा. पाहिजे तेवढं पडलेलं तयार मिळेल. ताकसुद्धा लागणार नाही."

यशश्री रुसली. पण मिस्त्री जाताना भिंत कशी पाडल्यासारखी बांधायची ते तिच्याकडून दोनदा समजून घेऊन गेला. मजा वाटते आहे त्याला, कबूल करत नाही.

१६ एप्रिल

आमच्या अकोट्याच्या भाजीवालीने भेंडी तोलता तोलता विचारलं, "बा, सांभळ्युं? तरसाली बाजू मंदिरमांथी भगवान चोराई गया! सोनाना हता!"

सोन्याचे! माझ्या तोंडून निघाला तेव्हा देव नुसता देव होता. तिथून इथवर येईतो सोन्याचा झाला. मी म्हटलं, कोण म्हणालं? म्हणाली, एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. भली धार्मिक बाई होती म्हणे. तिथेच चक्कर येऊन पडली बिचारी.

मी भेंडी घेतली आणि मुकाट्याने घरी आले.

१७ एप्रिल

यशश्रीच्या त्या देवळात कुणीतरी नारळ फोडला. एका खांबाला शेंदूर फासलाय!

२१ एप्रिल

मयंकभाई आले होते. दारातून "जय श्री कृष्ण, बा" म्हणाले आणि सोफ्यावर बसले ते जणू कुणी गेल्यासारखे. माणूस वाईट नाही. मराठी माणसं दिसली की मराठी बोलायला जातात, मग अर्ध्यात गुजरातीवर घसरतात.

"यशश्रीबेन, तुमचा डिझाइन एकदम फर्स्ट क्लास. पण लोको पूछे छे, भगवान क्यां? मी काय जवाब देऊ? दोन लग्न कॅन्सल झाले. म्हणतात, देव निघून गेलेल्या मंदिरासमोर वरमाळा नको."

प्लॉटच्या कार्डावर त्यांनीच छापलंय, 'इंग्लिश मंदिर गार्डन'. यशश्रीने सांगितलं होतं म्हणे, मंदिर शब्द घालू नका. पण मंदिर म्हटलं की बुकिंग येतं, म्हणून घातला. आता तोच शब्द देव मागतोय.

अखात्रीजला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन आहे. त्याच सकाळी मूर्ती बसवायची, ठरवूनच आले होते. मयंकभाईंना अंबामाता हवी, त्यांच्या बायकोला राधाकृष्ण, वॉचमनला हनुमान.

यशश्री पांढरी पडली. "मयंकभाई, आज मूर्ती आली की उद्या ग्रिल येणार. मग पत्रा, मग भोंगा, मग दानपेटी. मग ती बाग राहणार नाही. आणि बाग नाही तर माझं काम नाही. माझं नाव काढून टाका त्यावरून."

"नावाचा सवाल नाही बेन. धंद्याचा आहे."

खरं म्हणजे सवाल माझ्या किंकाळीचा आहे. त्या किंकाळीचं नाव कुणीच घेतलं नाही. ना यशश्रीने, ना त्यांनी. मी आतल्या खोलीत जाऊन उगीचच चादर घडी करत बसले.

२२ एप्रिल

यशश्री जेवली नाही. "आजी, तू त्या दिवशी —" एवढं म्हणाली आणि थांबली. सगळं बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल

कुणाला न सांगता रिक्षा करून गेले. वॉचमनने ओळखलं, "बा, तबियत सारी छे ने?" चक्कर येऊन पडलेली ती बाई म्हणजे मीच ना!

या वेळी चपला काढल्या नाहीत. पायरीपाशी पाय अडखळला — इतक्या वर्षांची सवय, पाय ऐकेना. पायाला म्हटलं, चल रे, आत कुणी नाही.

बसले खांबाला टेकून. देवळात गेलं की आपण देवाकडे बघतो, पाठ जगाकडे. इथे बघायला समोर काही ठेवलेलंच नाही, म्हणून डोळे बाहेर जातात. तळं दिसलं. तळ्यात ढग. पलीकडे मिस्त्रीची पडकी भिंत — ताक लावूनही शेवाळ नाही, पण ऊन तिच्या भोकातून असं येत होतं की मी बघतच राहिले. दोन टिटव्या भांडत होत्या. कितीतरी वेळ मी कशाचाच विचार केला नाही. माझ्यासारखीने!

मग कळलं पोर काय म्हणत होती ते. इथे देव ठेवला तर सगळे त्याच्याकडे बघतील. टिटव्यांकडे कोण बघणार?

आणि देवाचं म्हणाल, तर तो मला पुरता ओळखतो. माझ्यावर रागावायचं त्याने कधीच सोडून दिलंय.

२८ एप्रिल

मयंकभाईंना फोन लावला. "भाई, मंदिर लिहिलंस म्हणून लोक देव मागतात. विसामो लिही. विसाम्यात कोण देव शोधतं?"

आपला विसावा, त्यांचा विसामो. दोघांनाही कळतो, आणि दोघांचेही पाय दुखतात.

मग म्हणाले, "बा, वात तो साची. पण लोकांना समजावणार कोण?"

"मी. देव मीच चोरीला घालवला, मीच निस्तरते."

हसले. पण धंदेवाईक माणूस! मूर्तीचा टेम्पो यायचा तो येणार म्हणाले, गेटवर उभा राहणार. दुपारपर्यंत लोक तिथे नीट बसले-उठले, कुणी ओरड केली नाही, तर टेम्पो परत. नाहीतर अंबामाता आत.

यशश्रीला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. पण आज दोन पोळ्या खाल्ल्या.

३० एप्रिल, अखात्रीज

इथूनच बोलते आहे. वरच्या पायरीवर बसले आहे, मधोमध, पाय पसरून, चपला घालून! मांडीवर शेंगदाण्याची पुडी. बाहेर पाटी — 'विसामो'. मिस्त्रीने रातोरात रंगवली.

पहिली बाई आली ती चपला काढायला वाकली. माझ्या पायांकडे बघितलं आणि किंचाळली, "बा! चप्पल!" म्हटलं, "मंदिर नथी, दीकरा. विसामो छे. बेस, पग दुखता हशे." उभीच राहिली. मी शेंगदाणे पुढे केले. घेतले. बसली! बसली की!

आता पाच-सहाजणी बसल्यात. एक आजोबा तर आडवे होऊन घोरताहेत. पोरं खांबांत लपंडाव खेळताहेत. एकजण विचारत होता, भगवान मिळाले का? म्हटलं, ते घरी आहेत, सुखरूप.

एका पोरीने माझ्याच पायांना हात लावला आणि दहाची नोट ठेवली! "अगं, मी देवी नाही, अकोट्याची आहे!" नोट परत द्यायला धावणार होते, पण गुडघे.

गेटवर टेम्पो दिसतोय. मूर्ती कापडात गुंडाळलेली. उन्हात उभी आहे बिचारी, मीही उन्हातच. घुमटाची सावली सरकली मघाशीच. सुनेत्रा दोनदा न्यायला आली, "आई, घरी चला, चेहरा लाल झालाय." आत्ता उठले तर जागा रिकामी होईल आणि जागा रिकामी दिसली की —

टेम्पो वळला! वळला गं बाई! मयंकभाई तिकडून हात करताहेत. तळ्यापलीकडे यशश्री उड्या मारते आहे, एवढी घोडी झाली तरी.

घशाला कोरड पडलीय. पाणी संपलं. हे खांब जरा हलताहेत का, मिस्त्रीला विचारायला

२ मे

दवाखाना. हाताला सुई. बोलू देत नाहीत.

५ मे

घरी आणलं. सुनेत्राने हळूच सांगितलं — आई, तिथे गणपती बसला.

मी ताडकन उठून बसले. मयंकभाईंनी शब्द फिरवला? नाही म्हणाली. यशश्रीने बसवला! मी आत काचेपलीकडे होते, डॉक्टर काही बोलेनात, तेव्हा नवस बोलली पोरगी. लहरीपुऱ्यातून स्वतः आणला. मिस्त्रीकडून चौथरा करून घेतला. ग्रिलचं मापसुद्धा तिनेच दिलं!

हाक मारली तिला. "यशे, मूर्ख मुली, मग मी उन्हात बसले कशासाठी?"

तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"गोळी घे, आजी."